‘नाही म्हण, पळ, सांग’ : एवढं शिकवून आपण मोकळे होतो का?

निरंजना : लेकीच्या (वय ६) वर्गात परवा ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवलं. घरी येऊन तिने बाहुलीवर सगळं करून दाखवलं. इथे हात लावला तर ‘नाही’ ओरडायचं, पळायचं, मोठ्यांना सांगायचं. पाठ चोख. मी विचारलं, “आणि ते माणूस आपल्या घरातलंच असेल तर?” ती बाहुलीचे केस विंचरत बसली. असं करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. त्याला त्या पोराने अडवायचं? आणि नाही जमलं, तर माझंच चुकलं असं मनात घेऊन बसायचं? राखण करणं मोठ्यांचं काम, ते पोरांच्या गळ्यात का मारायचं?

आडमुठा : मग रस्ता ओलांडायलाही शिकवू नका. गाडी नीट चालवणं मोठ्यांचंच काम आहे ना!

जरा आकडे बघा. कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये शाळांतल्या अशा कार्यक्रमांचे २४ अभ्यास एकत्र तपासले, मुलं ५,८०२. शिकवलेल्या मुलांची समज वाढली. आपल्यावर अत्याचार झाल्याचं हजारात साधारण १४ मुलांनी सांगितलं, न शिकवलेल्या गटात ४ जणांनी.

निरंजना : त्याच आढाव्यात हेही आहे की प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे त्यातून कळत नाही. प्रश्नपत्रिकेत बरोबर खूण करणं वेगळं, बंद खोलीत तोंडातून आवाज फुटणं वेगळं.

सरळमार्गी : या वयात असलं काही डोक्यात घालूच नये. उद्या मुलं आजोबांच्या मांडीवर बसायला बिचकतील.

आडमुठा : @सरळमार्गी, ज्या अभ्यासांनी हे मोजलं, त्यांत मुलांची भीती वाढलेली दिसली नाही. आणि एखाद्या दिवशी नको वाटलं मांडीवर बसायला, तर नको. आजोबा समजून घेतील.

कातरवेळ : इतके दिवस नुसती वाचत होते. मला कुणी शिकवलं असतं तर मी त्याचा हात झटकला असता का? नाही. तो मोठा होता, लाडका होता, खेळता खेळताच सुरू व्हायचं. पण मी आईला सांगायला गेले होते, हे कुणाला माहीत नाही. त्या अवयवाला आमच्या घरी नावच नव्हतं, ‘शूची जागा’ म्हणायलाही लाज. म्हणून म्हटलं, “तो मला त्रास देतो.” आई पोळ्या लाटत होती. “मग त्याच्याशी खेळू नकोस,” म्हणाली आणि पुढची लाटायला घेतली. तिचाही दोष नाही, तिला काय कळणार त्यावरून?

मला ‘वाईट’ हा शब्दही खटकतो. दुखलं नाही, वर खाऊ मिळाला, तर पोराने ते वाईट कसं ओळखायचं? त्यापेक्षा गुपिताचं सांगा. वाढदिवसाची गंमत चार दिवसांत फुटते, ती चालते. “आईला कधीच सांगायचं नाही” असं कुणी म्हटलं की त्याच दिवशी सांगायचं. आणि अवयवांची खरी नावं शिकवा, नाक-कान शिकवतो तशीच, आंघोळ घालताना.

आडमुठा : यापुढे मी काय बोलणार. फक्त एक : हे एका तासात होत नाही, हे निरंजनाताईंचं मान्य. दरवर्षी हवं, आणि आधी आईबापांचा वर्ग घ्यायला हवा.

निरंजना : कातरवेळ, तुमचं वाचून काल रात्री लेकीला ‘नाही म्हणशील का’ विचारलंच नाही. विचारलं, “सांगशील कुणाला?” मावशी म्हणाली, मग वर्गातल्या बाई. माझं नाव नाही. का गं, म्हटलं. “तू आधी ओरडतेस, मग ऐकतेस.”

तासाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. पण आज तिचा डबा सांडला, तेव्हा तोंड घट्ट मिटून फडकं आणायला गेले.