गोव्याची कादंबरी मराठीतून वाचावी की कोंकणीतून?

कुळागर (फोंडा)
या पावसात तीन कादंबऱ्या झाल्या. दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ आणि पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’ कोंकणीतून, महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ मराठीतून. ‘तांडव’ म्हणजे सैलांनी आपलीच कोंकणी ‘युग सांवार’ मराठीत आणलेली. आईचे डोळे अधू झालेत, म्हणून रात्री जेवणानंतर मोठ्यानं वाचायचो. ती मराठी चौथी शिकलेली, घरात मात्र सगळे कोंकणीच बोलतो. ‘अच्छेव’मध्ये गावात खाण येते, शेती सुटत जाते, तेव्हा ती सारखी अडवून विचारायची, “हें खंयच्या गांवचें रे?” ‘तांडव’ सुरू झाल्यावर डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसली. पोर्तुगीज काळातली बाटवाबाटवी, घरदार टाकून पळालेली माणसं, सगळं ऐकलं. एक अक्षर बोलली नाही. पोथी चालू असताना कोण बोलतं?

म्हणून माझं मत: गोव्यातल्या मराठी वाचकानं इथल्या कादंबऱ्या कोंकणीतूनच वाचाव्यात. लिपी तीच, पहिली वीस पानं अडखळतो, मग वाट सापडते. मराठी आवृत्तीची वाट बघणं हा निव्वळ आळस.

मांडवीकाठ
आईंना मराठीतली ‘तांडव’ परकी वाटली, हा अर्थ तुम्ही लावलात. आपल्याकडे भांडण कोंकणीत आणि आरती, कीर्तन, पोथी मराठीत, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. तुम्ही तर फोंड्याचे. त्याच काळात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा तुमच्याकडे आसऱ्याला आली. ती हकिकत त्यांनी हात जोडून ऐकली, यापेक्षा लेखकाला आणखी काय हवं? आणि सैल स्वतः दोन्ही भाषांत लिहितात. त्यांनी न आखलेली रेघ आपण कशाला ओढायची?

साष्टीकार
‘कार्मेलीन’पुरता मी कुळागरांच्या बाजूनं. घर चालवायला कुवेतला आया म्हणून गेलेली बाई आणि तिची इथं वाढणारी लेक. आमच्या वाड्यावर अशी घरं होती. त्या घरांत मराठी कधी शिरलीच नाही.

मांडवीकाठ
कधीच नाही? फादर स्टीफन्सनं साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठीच ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं. 1616 साली तुमच्या राशोललाच छापलं गेलं.

साष्टीकार
छापलं ते रोमी अक्षरांत, बाब. आणि पुराणात ओवी शोभते. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याशी बायको ओवीत भांडेल?

डिचोलीकर
भाषेचं तुमचं चालू द्या, मला ‘अच्छेव’शीच भांडायचंय. खाणीचा पैसा आला आणि गाव आतून नासलं, हे नायकांनी 1977 सालीच लिहिलं, त्याबद्दल दंडवत. धूळ मीही खाल्लीय. पण माझं शिक्षण बाबांच्या खनिजाच्या ट्रकावर झालं. 2012ला खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात गंजत उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच. रोज सकाळी बाबा जाऊन तो ट्रक पुसायचे. कुठं जायचं नसताना. खाण आल्यावरचं गाव कादंबरीत आलं. ती गेल्यावरचं कुणी लिहिलंय का? कोंकणी, मराठी, कशातही चालेल.

मांडवीकाठ
ट्रक पुसण्यावर तर आख्खं प्रकरण होईल.

कुळागर (फोंडा)
डिचोलीकर, 1977च्या पुस्तकाकडे 2012चा हिशेब मागणं बरं नव्हे, एवढंच म्हणणार होतो. पण तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ताणें बरोवंक जाय.” त्यानंच लिहायला हवं. तेव्हा माझं म्हणणं गिळलं.

मांडवीकाठ, ‘आळस’ हा शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून आता सैलांचीच ‘हावठण’ आणलीय, कुंभारांवरची, सरस्वती सन्मान मिळालेली. कोंकणीच.

मांडवीकाठ
वाचा. (ज्या कृष्णदास शामांचं नाव त्या लायब्ररीला आहे, त्यांनी 1526 साली कृष्णचरित्र मराठीत लिहायला घेतलं होतं, हे जाता जाता!) आईंनी किती वेळा अडवलं ते कळवा.

कुळागर (फोंडा)
पहिल्याच पानाला. माहेरच्या गावचे कुंभार आठवले. लग्नाच्या वर्षी मडकं केवढ्याला मिळायचं, घासाघीस कोण करायचं, हे सांगत बसली ती साडेदहापर्यंत. दुसरं पान आज रात्री.