कविसंमेलनात 'राजकीय कविता नको' : पटतं का तुम्हाला?

चार_पुतळा
परवा आपल्या सोलापुरातल्याच एका कविसंमेलनाचं निमंत्रण आलं, खाली बारीक अक्षरात "राजकीय आशयाच्या कविता टाळाव्यात". बरं, टाळू. पण मागच्या वेळी ह्याच स्टेजवर एका नेत्याच्या वाढदिवसानिमित्त लांबलचक स्तुतिकाव्य झालं, ते राजकीय नव्हतं म्हणे, तो सत्कार होता! म्हणजे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं यावर कुणी दोन ओळी म्हटल्या की राजकारण, आणि नेत्याला सूर्य म्हटलं की साहित्य. ज्या गावानं १९३० ला मार्शल लॉ भोगला, ज्या गावच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली (त्यातले कुर्बान हुसेन तर पेपर चालवायचे), त्या गावात कवीला हे सांगायलेत. कवी कुंजविहारी आपल्याच गावचे ना? त्यांच्या कवितेत फाशी जाणारा मुलगा आईला सांगतो, नऊ महिन्यांनी परत तुझ्याच पोटी येतो. यातून राजकारण वजा करून दाखवा बघू.

शेंगाचटणी
भावना पोचल्या, पण तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय ओ. ती कविता लोकांच्या तोंडात राहिली ती आईमुळे. आता राजकीय म्हणून जे ऐकायला मिळतं ते म्हणजे टीव्हीवरच्या भांडणाला यमक लावलेलं असतं, आणि टाळ्या पडतात कारण ऐकणाऱ्याला ते आधीपासून पटलेलं असतं. दोन तास असलं ऐकून डोकं दुखतं. आयोजकानं तेवढंच टाळलं तर काय बिघडलं? स्तुतिकाव्यपण नको, हे मात्र मान्य.

कलम_१९
@शेंगाचटणी तुम्ही दोन गोष्टी एकात घालायलाव. कविता भिकार आहे हे ऐकून झाल्यावर ठरवा की, आधीच गेट लावायचं कशाला. २०२५ च्या मार्चमध्ये कवी-खासदार इम्रान प्रतापगढींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं एफआयआर रद्द केला, तेव्हा कोर्ट म्हणालं की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या शहाण्या माणसाच्या नजरेतून मोजायचा, सारखं असुरक्षित वाटणाऱ्याच्या नजरेतून नाही. आणि गुजरातमधला तो गुन्हा कशावरून तर एका कवितेवरून! १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप-काळं पाणी झालं तेही कविता छापल्या म्हणूनच. सरकारं बदलली, कवितेला घाबरायची सवय गेली नाही.

मंडपवाला_नाही_आयोजक
कोर्टाचं कौतुक ऐकून बरं वाटलं. मग २०१५ चं पण सांगा ना. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेच्या केसमध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं थोर पुरुषांच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी जास्त कडक लावायची असं म्हटलं, आणि कविता छापलेली १९९४ ला! वीसेक वर्षं केस. मी दुसऱ्या एका संस्थेचा कार्यक्रम बघतो, आमच्याकडे हॉलचं डिपॉझिट वर्गणीतून जातं, एक सराफ आणि एक चादरवाले जाहिरात देतात. कार्यक्रमात कुणी खुर्च्या फेकल्या तर निकाल दिल्लीला लागेल, खुर्च्या आम्हीच भरायच्या. ती बारीक अक्षरातली ओळ भ्याडपणाची आहे म्हणा, पण ती का लिहावी लागते तेही बघा. अजून एक, आयोजकालापण स्वातंत्र्य आहे, त्याच्या घरच्या लग्नात कोण काय गाणार ते तोच ठरवणार.

पूर्वभाग_तेलुगू_मराठी
आयोजक तरी उघड लिहितो. आमच्या भागात पद्मशाली (विणकर समाजातली) पोरं तेलुगूत पण लिहितात आणि मराठीत पण, कारखान्यातल्या मजुरीवर एकेक भारी कविता आहे, पण घरी वाचतात. अर्धे कवी अनुदानित शाळेत मास्तर, बाकीच्यांचा भाऊ नाहीतर मेहुणा कुणाच्या तरी पतसंस्थेत. त्यांना कुणी नोटीस देत नाही, गरजच नाही पडत. मग स्टेजवर येते ती पाऊस, आई आणि मोगरा. आईवर माझा राग नाही.

चार_पुतळा
@मंडपवाला लग्न घरचं असतं, वर्गणी गावाची आहे. आणि कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात १९७५ ला आणीबाणी चालू असताना, समोर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण बसलेले असताना संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. तिथं आयोजकांचा खर्च नव्हता झाला का?

शेंगाचटणी
दुर्गाबाई आल्या का, वाटच बघत होतो. त्याच आणीबाणीत नामदेव ढसाळ इंदिराबाईंच्या बाजूनं होते, ते कधी सांगत नाही कुणी. कवी कमी दर्जाचा झाला का त्यानं? नाही ना? म्हणूनच म्हणतोय कवीचं राजकारण आणि कविता वेगवेगळी धरा.

कलम_१९
मग दोघांनाही स्टेज द्या, हेच तर म्हणणं आहे आमचं. तुम्ही कविता आणि राजकारण वेगळं धरायचं म्हणता आणि राजकारण दिसलं की कविताच बाहेर काढता.

शेंगाचटणी
मी कंटाळवाणी बाहेर काढतो. पाण्यावरची तुमची आणा, ऐकतो. मोगरा आणला तरी उठून जाईन.

मंडपवाला_नाही_आयोजक
ठीक आहे, आमच्या पुढच्या पत्रिकेत ती ओळ नसेल. स्तुतिकाव्यपण नसेल, म्हणजे चादरवाल्यांची जाहिरात गेलीच समजा, वाढदिवस त्यांच्याच साहेबांचा असतो. हॉलच्या डिपॉझिटला कोण कोण किती देतंय, इथंच लिहा. @चार_पुतळा तुमच्यापासून सुरू करू.