'ला कांपानेल्ला'मधल्या उजव्या हाताच्या उड्या कशा बसवाव्यात?

मंद्रसप्तक: संगीतकार लिस्टची 'ला कांपानेल्ला' ('छोटी घंटा') ही पियानोरचना बसवते आहे, १८५१ची आवृत्ती. उजवा हात खालच्या सुरावरून वरच्या डी शार्प या सुरावर झेपावतो, तिथे हमखास शेजारची पट्टी वाजते. संथ लयीत सगळं बरोबर येतं, लय चढवली की बिघडतं. काय करू?

निषाद: संथ सरावात हात उंच कमान करून नेला तरी चालतं, वेगात त्याला तेवढी सवड नसते. म्हणून सूर सावकाश वाजवा, पण झेप पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने घ्या. पोचलात की लगेच वाजवू नका, पट्टीवर बोट टेकवून थांबा. हात पट्ट्यांच्या अगदी जवळून, आडवा जाऊ दे. डी शार्प ही दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीतली उजवी पट्टी, बोटांना चाचपून सापडते.

आणि एक सांगतोच, कारण हे ऐकताना मला नेहमी खटकतं. मूळ चाल व्हायोलिनवादक पागानिनीच्या दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) शेवटच्या भागातली. तिथे खरीखुरी छोटी घंटा वाजते. लिस्टने त्या घंटेचा डी शार्प केला. सुरुवातीला चाल खालच्या सुरांत आहे, वरती फक्त घंटा. बरेच जण करंगळीने घंटाच बडवतात आणि गाणं हरवतं. वजन खाली ठेवा, वरचा सूर हलका लागू दे. करंगळी ताठरली नाही की नेमही सुधारतो.

काळीपांढरी: निषादशी सहमत. शिवाय सुरुवातीला 'अलेग्रेत्तो' (माफक जलद) लिहिलंय, इतकी घाई कशाला? वेग वाढवायचा तो पुढे 'प्यू मोस्सो'ला (अधिक वेगाने).

मंद्रसप्तक: पटलं. पुढे एकच सूर भराभर येतो, तिथे माझ्या उभ्या पियानोवर सूर गळतात. दोष बोटांचा की वाद्याचा?

निषाद: बराचसा वाद्याचा. ग्रँड पियानोत पियानो बनवणाऱ्या एरारच्या १८२१च्या पेटंटमधून आलेली दुहेरी एस्केपमेंट ही यंत्रणा असते. तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आत हातोडी पुन्हा मारता येते. उभ्या पियानोत सहसा ती सोय नसते. दर सुराला बोट बदला आणि पट्टीला वर यायला वाव द्या. बैठकही बघा: काम बहुतेक वरच्या सप्तकांत आहे, तेव्हा धड किंचित उजवीकडे झुकू दे. नुसता हात लांबवलात तर मनगट वाकडं होतं आणि चौथ्या-पाचव्या बोटांची ट्रिल (दोन शेजारचे सूर आलटूनपालटून भराभर वाजवणं) अडकते.