थाई लोकांत राहिलेल्यांनो, आपापल्या फजित्या सांगा

खलबत्तेवाली
आज माळा आवरताना दगडी खलबत्ता सापडला. थायलंडातल्या आंग सिला गावचा. बँकॉकहून परतताना मी चार साड्या मैत्रिणीकडे ठेवल्या आणि हा धोंडा बॅगेत घातला, त्यावरून नवरा अजून ऐकवतो. तो हातात घेतला आणि ऑन नुतची आमची गल्ली डोळ्यांसमोर उभी राहिली.

कोपऱ्यावरच्या गाडीवाल्या पा (म्हणजे आपल्या मावशी) रोज सकाळी विचारायच्या, 'किन खाव रू यांग?' भात खाल्लास का? मी नवी. मला वाटायचं खरंच विचारतायत. मग मी थांबून, हातवारे करून, पोहे कसे भिजवतात तिथपासून सांगायचे. बिचाऱ्या ऐकायच्या. महिन्याभराने कळलं की हे नुसतं 'काय, बरं ना?' आहे. आपलं 'झालं का जेवण?' दुसरं काय असतं!

त्याच पा, मी गणपतीला घरी जाऊन परत आले तेव्हा अख्ख्या गल्लीसमोर म्हणाल्या, जाड झालीस गं. विमानाने चार तास लांब जाऊनही आत्याबाई चुकल्या नाहीत.

तुम्हीही लिहा. मोठं लिहायला हवं असं नाही.

भटका_बोका
क्लाय!!! एवढंच लिहून थांबलो असतो पण नवीन लोकांसाठी सांगतो. 'क्लाय' सपाट म्हटलं तर दूर, वरून खाली सोडलं तर जवळ. मी विचारलं स्टेशन क्लाय का, माणूस हसून म्हणाला क्लाय. चाललो. पाऊण तास. एप्रिलमध्ये.

शेवग्याची_शेंग
@बोका बाई सुंदर आहे म्हणायला जाऊन सूर चुकला की तीच बाई 'अपशकुनी' होते. सुआय. नवऱ्याने माझ्या थाई बॉसच्या बायकोला म्हटलं होतं. पुढचं विचारू नका.

भटका_बोका
विचारतोय

शेवग्याची_शेंग
हसल्या त्या. खूप हसल्या. त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी थाई बोलणं सोडलं.

कांदालसूण_बंद
मी शाकाहारी, त्यामुळे माझा अनुभव म्हणजे उपासमार :) गंमत बघा, शाकाहारी याला शब्द आहे 'मांगसाविरात'. मांस-विरती! पाटी वाचून दाखवली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं पोचलो घरी. ताटात भाजी आली. वर कोळंबी. मी बोट दाखवलं तर बाई म्हणते, लहान आहे. आणि फिश सॉस तर त्यांच्या लेखी मीठच, तो कोण मोजतो.
शेवटी कोणीतरी सांगितलं, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोध. तिथे मांस-मासे-अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. आमची आजी तिथे चातुर्मास आरामात काढेल.

पेरूवाला
गोऱ्याला तिथे फरांग म्हणतात आणि पेरूलाही फरांग. एक गोरा सहकारी रोज दुपारी पेरू खायचा. ऑफिसला तेवढाच विनोद वर्षभर पुरला.
आपल्याला म्हणतात खॅक, म्हणजे पाहुणा. आमच्या सांगलीकडं अनोळखी माणसाला 'पाव्हणं, कुठलं?' विचारतात तसलंच.

मी_अनु
टोपणनावांचं कोणी लिहिलं नाही? माझ्या टीममध्ये मू (डुक्कर), नोक (पक्षी) आणि कुंग (कोळंबी). खरी नावं संस्कृतातली, लांबलचक, फक्त पगारपत्रकावर. आईला फोनवर सांगितलं, आज कुंग रडत होती, मू तिला घेऊन घरी गेला. आई म्हणाली तू काय पितेस का.

शेवग्याची_शेंग
हाहा. पण आमच्याकडे पण पिल्लू, बंड्या, चिमणी आहेतच. एका काकांचं नाव ढेकूण होतं, सत्तरीपर्यंत.

सोंगाड्या
वेळेचा घोळ. सहकाऱ्याने शनिवारी जेवायला बोलावलं, 'सोंग थुम'. सोंग म्हणजे दोन एवढं येत होतं. दुपारी दोनला चकल्यांचा डबा घेऊन दारात. रात्रीचे तास ते सातपासून एक, दोन असे मोजतात, म्हणजे सोंग थुम रात्री आठ! तो बनियनवर दार उघडायला आला. 'माय पेन राय' म्हणाला, काही हरकत नाही, आणि आत घेतलं. आठपर्यंत बसलो. त्याच्या आईबरोबर टीव्ही. चकल्या साडेतीनलाच संपल्या.

आणि घरभाड्याच्या करारावर सन २५६१ (आपलं २०१८, त्यांचं बुद्धवर्ष ५४३ ने पुढे). बायको म्हणाली ५४३ वर्षांचं भाडं आगाऊ ठरवून आलास का.

चिंबओली
सोंगक्रानला (थाई नववर्ष, एकमेकांवर पाणी उडवायचा सण) वर्षाचे ते तीन दिवस (१३ ते १५ एप्रिल) लॅपटॉप घेऊन बाहेर पडू नये एवढंच सांगते. शब्द आपल्या संक्रांतीचाच, म्हणून सासूबाईंनी पुण्याहून तिळगूळ पाठवला होता. मी वाटला पण! गोड बोला म्हणेपर्यंत गालाला पांढरा लेप आणि डोक्यावर बर्फाचं पाणी.

मी_अनु
@सोंगाड्या चकल्यांची कृती द्या, माझ्या मोडतात

पेरूवाला
५५५

नवखा२०
५५५ म्हणजे?

पेरूवाला
पाच = हा. हाहाहा. मलाही पहिल्यांदा मॅनेजरने पाठवलं तेव्हा वाटलं ५५५ बाट मागतोय. पाकीट काढलं होतं.

उंदीरमामा
घरी गणपती बसवला. शेजारची पी (ताई) दर्शनाला आली, हातात लाल फँटाची बाटली, झाकण उघडून आत स्ट्रॉ. नैवेद्य! तिथे देवघरासमोर सर्रास ठेवतात. आमच्याकडे मोदक आणि फँटा शेजारी शेजारी. व्हिडिओ कॉलवर आजीने बघितलं, गप्प बसली, मग म्हणाली, स्ट्रॉ लावलीय, समजूतदार आहे पोरगी.

तिनेच आम्हाला छाचोएंगसाओ गावच्या गणपतीला नेलं, तिथे वारानुसार रंगाचे उंदरांचे पुतळे आहेत. आपल्या जन्मवाराच्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची, दुसरा कान हाताने बंद करायचा, नाहीतर बाहेर पडते. मी सोमवारचा, पिवळा उंदीर.

कांदालसूण_बंद
सिद्धिविनायकालाही सांगतात की उंदराच्या कानात. पण दुसरा कान बंद करायचं ऐकलं नव्हतं. तरीच माझं प्रमोशन.

नवखा२०
आम्ही फक्त पट्टायाला ४ दिवस गेलो होतो, ग्रुप टूर. रोज पंजाबी जेवण. चालेल का इथे?

भटका_बोका
नाही :)

आजीचा_पाटा
जरा दुरुस्ती. धागाकर्तीचा खलबत्ता दगडी, तो मसाला वाटायचा. सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) करायला मातीचा उभट क्रोक (खल) आणि लाकडी दस्ता लागतो, नाहीतर पपईचा चिखल होतो. आणि खनोम क्रोक कोणी खाल्लं का? नारळाच्या दुधाचे गोड आप्पे! भांडं सुद्धा आप्पेपात्रच. मी इथून बिडाचं नेलं होतं, तिथे प्रत्येक बाजारात लटकलेलं.

खलबत्तेवाली
@आजीचा_पाटा हो हो, मातीचा पण आणला होता. तो नवऱ्याने विमानतळावरच फोडला. मुद्दाम नाही म्हणतो.

मी_अनु
खलबत्ता द्यायचा असेल तर मी कोथरूडलाच आहे

खलबत्तेवाली
द्यायचा नाहीये गं. पण माळ्यावरून खाली घ्यायला दोन माणसं लागतील, चहा देईन. थांबा, कुकरची तिसरी शिट्टी झाली.