काळा घोडा: गर्दी भरपूर, ओळख कुणाशीच नाही

फास्टलोकल:
शनिवारी मुंबईतल्या काळा घोडा कला महोत्सवाला जाऊन आलो. सीएसएमटीला उतरून चालत गेलो, रॅम्पार्ट रोवर शिरलो आणि पुढचा अर्धा तास नुसता ढकलला गेलो. जुन्या टाइपरायटरांच्या भंगारातून कुणीतरी मोर केला होता. पिसाऱ्यात देवनागरी कळा बसवल्या होत्या. मी त्यात 'ळ' शोधत होतो, तर मागून आवाज आला, 'अंकल, जरा बाजूला, फोटो काढायचाय.'

महोत्सव सुरू झाला १९९९ साली. त्याच वर्षी आमच्या डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाची पाडव्याची स्वागतयात्राही सुरू झाली. तिथे चित्ररथाला खिळे ठोकताना माझा अंगठा सुजलेला असतो. इथे नऊ दिवस सगळं फुकट, मान्य, पण मी आपला बघ्या. असले उत्सव माणसं गोळा करतात, जोडत नाहीत. पटतंय का कुणाला?

अर्धाचहा:
नाही पटत. शनिवारी संध्याकाळी गेलात तिथेच चुकलं. मंगळवारी दुपारी डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत जाऊन बसा. मी दर वर्षी अर्धी रजा टाकून जाते. चार वर्षांपूर्वी एका पारशी आजींनी पर्स ठेवून मला खुर्ची धरून दिली होती. अजून त्यांचं नाव माहीत नाही, पण दर फेब्रुवारीत दिसल्या की लांबूनच हात करतात. ह्याला जोडणं म्हणायचं नाही तर काय?

गच्चीवरून:
तोंडओळख म्हणायची. गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीतल्या नाटकाची तालीम दोन महिने चालायची. पडद्याला घराघरातल्या चादरी. एकदा ऐन प्रवेशात वडिलांना ठसका लागला. समोरच्या काकू तांब्या घेऊन धावल्या, आणि अडलेलं वाक्य पहिल्या रांगेतल्या एका पोराने मोठ्याने म्हणून टाकलं. तालमी ऐकून ऐकून अख्ख्या चाळीला नाटक पाठ! आता तिथे टॉवर आहे. गणपतीत पोडियमवर बाहेरचा ऑर्केस्ट्रा येतो, वर्गणी मोबाइलवरून जाते आणि लोक दहाला लिफ्टने वर.

पाटावरवंटा:
त्या तांब्यावाल्या काकूंना नाटकात काम दिलंत का कधी?

परळला आमची चाळ. आईचा गळा गोड, पण पंधरा गणपती ती मांडवामागे चहा गाळत होती. बायकांच्या वाट्याला हळदीकुंकू आणि संगीत खुर्ची. मला बघायला मुलगा येणार हे माझ्या आधी तळमजल्याला कळलं होतं. तुमची आपुलकी असेलही, आम्हाला पाळत वाटायची.

मी काळा घोड्याला जाते ते तिथे मला कुणी ओळखत नाही म्हणूनच. गेल्या वर्षी आईला नेलं. ठशांनी कापड छापायची कार्यशाळा होती. गुडघे दुखतात तरी मांडी ठोकून बसली आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला म्हणाली, 'अगं, मनगटाने दाब, नाहीतर पान अर्धवट उमटेल.' दोन तास हुकूम सोडत होती.

नाक्यावरचा:
मी चित्रं काढतो, म्हणून जरा वेगळं. तिथल्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तोवर बाहेर पदपथावर चित्रं मांडून बसायचं, हे तिथे बारा महिने चालतं. छत्री कुणाची, डबा कुणाचा, गिऱ्हाईक कुणाचं, सगळी वाटावाटी. समाज बघायचा तर ऑगस्टमधल्या पावसात या.

(जाता जाता: ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ लाच तिथून हलवला, तो राणीच्या बागेत आहे. आत्ताचा घोडा २०१७ चा, बिनस्वाराचा. लोक त्यालाच जुना समजून फोटो काढतात.)

फास्टलोकल:
पाटावरवंटा, तुमच्या आईंचं वाचून जरा गप्प झालो. आमच्या चित्ररथावर बायका नऊवारी नेसून उभ्या असतात, हातोडी मात्र आमच्याच हातात. हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं. तरी ती शनिवारची ढकलाढकली मी उत्सव मानणार नाही. पुढच्या वर्षी मंगळवार बघतो.

गच्चीवरून:
बघा जरूर. फक्त कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं तेवढं पाहून या. आमच्याकडे सगळी चाळ उचलायची.

पाटावरवंटा:
आमच्याकडे आई उचलायची.