दहा दिवस कुत्र्याकडं बघत बसायचं का?

मांजराकाठ
परवा इथं एकानं लिहिलं, "ग्रामसभेनं ठराव करावा. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून ठेवायचं, मेलं तरच माणसाला इंजेक्शन. उगी टोचून लस संपते." खाली बऱ्याच जणांनी होकार भरला, म्हणून हे लिहितोय. असा ठराव केलात तर माणूस हातचा जाईल. लक्षणं दिसली की रेबीजला औषध नाही.

लस त्याच दिवशी सुरू करायची, कुत्रं जिवंत असो नाहीतर मेलेलं. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात, दोन्ही दंडांत 0.1 मिली, 0 (पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी. या पद्धतीत कुत्रं धडधाकट राहिलं तरी चारही वेळा जायचं. खाजगीत स्नायूत पाच डोस घेत असाल तर दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असल्यास फक्त 14 व्या दिवसाचा डोस सोडता येतो. दहा दिवसांचा उपयोग एवढाच, आणि तोही कुत्र्या-मांजरापुरता. कोल्हा, मुंगूस, माकड चावलं तर वाट बघायचा प्रश्नच नाही.

शिवारातला
भाऊ, कागदावर सगळं खरंय. मोकाट कुत्रं दहा दिवस बांधणार कोण? पिसाळलेल्याला मारलं तर गुन्हा दाखल होतो, धरायला गाडी येत नाही. आधी कुत्र्यांचं बोला, मग आम्हाला शिकवा.

मांजराकाठ
केंद्राचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वाचा. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं वेगळं कोंडून ठेवायचं, आपोआप मरेपर्यंत. ठराव करायचाच तर जाळी, पिंजरा आणि धरणाऱ्यांना आधीच लस, याचा करा. हे काम ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे.

टोचणी_ताई
दादा, मूळ चूक त्याच्याही आधी होते. जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद भरून माणूस येतो. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. नुसतं भिजवणं म्हणजे धुणं नाही. टाके शक्यतो घालायचे नाहीत.

दुसरं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणजे झालं, असं लई लोक समजतात. ते वेगळं, हे वेगळं.

तिसरं सीरम, म्हणजे विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं. दात खोल गेले, रक्त आलं, तर लसीचा असर व्हायला जे दिवस लागतात तेवढ्यात विषाणू नसेत शिरू शकतो. म्हणून सीरम जखमेतच आणि कडेनं भरायचं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर वजनाच्या किलोला 40 युनिट, म्हणजे 50 किलोच्या माणसाला जास्तीत जास्त 2000. जखमा जास्त असतील तर सलाईन मिसळून वाढवायचं, पण एकही जखम कोरडी सोडायची नाही. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच ते देता येतं.

शिवारातला
आणि तुमच्याकडं "पाच पेशंट जमू द्या" म्हणून परत पाठवतात, त्याचं काय? तालुक्यापर्यंत यायचं भाडं कोण देतंय?

टोचणी_ताई
एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि ती कालवली की सहा ते आठ तासांत संपवावी लागते, म्हणून कर्मचारी हात आखडतात. पण परत पाठवणं चूकच. एकटा आला तरी फोडायची. हे मी मान्य करते, त्याला सबब नाही.

गोठा_उदगीर
लस संपते कुठं ते मी सांगतो. तेरवीच्या जेवणात रायतं होतं, नंतर कळतं की म्हैस पिसाळून मेली. मग अख्खं गाव रांगेत! उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही. कच्च्या दुधातून माणसाला रेबीज झाल्याची खात्रीची नोंद नाही.

शिवारातला
मग पाजा तुमच्या लेकरांना. ज्यानं ते रायतं खाल्लं त्याला रात्री झोप येत नाही साहेब. डॉक्टर गावात येऊन समजावत नाही तोवर रांग लागणारच.

गोठा_उदगीर
पाजा म्हणलो नाही. पिसाळलेल्या जनावराचं दूध काढूच नये, धारेला बसणाराच धोक्यात असतो. पण रांगेत खरा माणूस कोण, ते बघा. म्हैस घोगरं ओरडते, लाळ गाळते, पाणी गिळत नाही. मालकाला वाटतं घशात कडबा अडकलाय, आणि तो कोपरापर्यंत हात घालतो. बोटांना कडब्यानं कापलेलं असतं. त्याला लस आणि सीरम दोन्ही लागतं. तो मात्र "मी रायतं खाल्लंच नाही" म्हणून घरी बसतो.

जनावराला कुत्रं चावलेलं दिसलं की जखम धुवा आणि 0, 3, 7, 14, 28 अशी लस द्या. लक्षणं दिसल्यावर उपयोग नाही.

शिवारातला
बरं, रायत्याचं ऐकलं. हात घालणाऱ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, हे पण खरं. पण ऊसतोडीला गेलेल्याचं काय? तीन डोस इथं, चौथ्याला तो कारखान्यावर.

टोचणी_ताई
कार्ड बरोबर न्यायचं. चौथा डोस तिकडच्या सरकारी दवाखान्यात मिळतो. तारीख हुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिला तिथून पुढं. स्नायूत घेणार असाल तर दंडात, लहान लेकराला मांडीत. कमरेत देऊ लागले तर अडवा, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही.

शिवारातला
कार्डाचं मुकादमाला सांगतो. पिंजऱ्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडतो, पण गाडीचं मी सोडणार नाही.