मदत हवी आहे: स्वीडिश येतं, आता नॉर्वेजियनचे फसवे शब्द

नमस्कार मंडळी. स्टॉकहोमला नोकरी करते, स्वीडिश शिकले आहे. इंग्रजीसारखे दिसणारे शब्द फार फसवतात. 'सेमेस्टर' म्हणजे सुट्टी. 'गिफ्ट' लिहितात, उच्चार 'यिफ्त', अर्थ विवाहित आणि विषही! सहकारी 'एव्हेंतुएल्त' येते म्हणाली, म्हणजे कदाचित. मी इंग्रजी 'इव्हेंच्युअली' समजून तासभर थांबले.

आता बदली ऑस्लोला. स्वीडिशमध्ये 'रूलिग' म्हणजे मजेशीर, नॉर्वेजियनमध्ये तोच शब्द 'शांत'. आपली शिक्षा आणि हिंदीतली शिक्षा, तसंच. कामाच्या ठिकाणी चुकून कुणाचा अपमान होऊ नये, ही खरी काळजी आहे. नॉर्वेत राहणाऱ्यांनो, असे आणखी कोणते शब्द आधी पाठ करू? कृपया उच्चारासकट सांगा.